लोभ, हाव आणि उद्योग : मराठी साहित्यातील धनविचार

४.१ प्रास्ताविक

‘मराठी माणसाला पैशाचे वावडे आहे’ हे विधान आपण सभा-संमेलनांतून, अग्रलेखांतून आणि घरगुती गप्पांतूनही अनेकदा ऐकलेले असते. त्याचे कारणही बहुधा ठरलेले असते. संतांनी समाधान शिकवले, म्हणून समाज उद्योगाकडे वळला नाही, असे सांगितले जाते. या घटकात आपल्याला हे विधान साहित्याच्या आधारे तपासून पाहायचे आहे. तसे ते तपासले असता असे दिसते की, मराठी साहित्याने धनाविषयी ‘चांगले की वाईट’ असा सरळ प्रश्न क्वचितच विचारला आहे. धन कोणत्या वाटेने आले, त्याने माणसात काय पालट घडवला, आणि कोणाच्या इच्छेला ‘लोभ’ म्हणायचे हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे होता, हे प्रश्न त्याने अधिक वेळा विचारले आहेत. यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत कमी चर्चिला गेला असला, तरी प्रस्तुत लेखकाला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

हा विषय आपणांस परका नाही. आपल्यापैकी अनेक जण नोकरी, शेती, दुकान किंवा घरसंसार सांभाळून पदवीचा अभ्यास करीत आहेत. ‘आता या वयात शिकून काय मिळवायचे आहे?’ हा प्रश्न त्यांच्यापैकी काहींना तरी कोणीतरी विचारला असेल. असे विचारणाऱ्याच्या स्वरात कौतुकाबरोबर किंचित ठपकाही असतो. असलेल्यावर समाधान न मानणाऱ्याकडे पाहण्याची एक जुनी दृष्टी त्यात दडलेली असते. ती दृष्टी कोठून आली, हे पुढील विवेचनातून काही अंशी स्पष्ट होईल.

४.२ शब्दांची साक्ष

एखाद्या समाजाची मूल्ये त्याच्या ग्रंथांआधी त्याच्या शब्दांत सापडतात. ‘लोभ’ हाच शब्द घ्या. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर या षड्रिपूंच्या यादीत तो शत्रू म्हणून येतो. परंतु मराठी पत्राच्या शेवटी ‘कळावे, लोभ असावा ही विनंती’ असे लिहिताना आपण त्याच शत्रूची मागणी करीत असतो. तेथे लोभ म्हणजे माया, जिव्हाळा. गोजिरवाण्या मुलाला आपण ‘लोभस’ म्हणतो आणि पैशाच्या मागे लागलेल्याला ‘लोभी’. मूळ संस्कृत धातूत ओढ वाटणे हा भाव आहे. ही ओढ माणसाकडे वळली की ती स्नेह ठरते, वस्तूकडे वळली की दोष ठरते. मराठीने हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात शेजारी शेजारी नांदू दिले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

‘हाव’ या शब्दाचे तसे नाही. त्याला स्नेहाची बाजू नाही. तो पोटाशी आणि ताटाशी जोडलेला आहे. ‘हावरा’, ‘हावरट’, ‘अधाशी’ ही विशेषणे प्रथम पंगतीत ऐकू येतात आणि मग व्यवहारात शिरतात. ‘ध्यास’ आणि ‘हव्यास’ यांतील अंतरही असेच बोलके आहे. विद्येचा ध्यास घेणाऱ्याची स्तुती होते, पण हव्यास धरणाऱ्याविषयी बोलताना आवाज किंचित खाली येतो. दोघांची कृती मात्र पुष्कळदा एकच असते. ‘महत्त्वाकांक्षी’ हे विशेषण तर कोणाला लावले आहे, यावर त्याचा अर्थ ठरतो. तरुण उद्योजकाला लावले तर ते प्रशस्तिपत्र होते, राजकारणातील प्रतिस्पर्ध्याला लावले तर आरोप होतो, आणि स्त्रीला लावले तर त्याआधी ‘जरा जास्तच’ हे शब्द न बोलताही ऐकू येतात.

‘अर्थ’ या शब्दाची कथा याहून मौजेची आहे. धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष या चार पुरुषार्थांत त्याला मानाचे स्थान आहे. म्हणजे धन मिळवणे हे पारंपरिक विचारातही गृहस्थाचे कर्तव्यच आहे. शिवाय मराठीत ‘अर्थ’ म्हणजे आशयही. ज्याला आशय नाही ते ‘निरर्थक’, आणि ज्याला आहे ते ‘अर्थपूर्ण’. अलीकडे वर्तमानपत्रांत लाचलुचपतीच्या बातम्यांत ‘अर्थपूर्ण वाटाघाटी’ असा उपरोधिक प्रयोग रूढ झाला आहे. कोणा वार्ताहराने केलेली ही कोटी आता भाषेत मुरली आहे.

परंपरेत एका बाजूला ‘अर्थ’ हा पुरुषार्थ आहे आणि दुसऱ्या बाजूला ‘लोभ’ हा रिपू आहे. या दोहोंमधील सीमारेषा कोठे ओढायची, हा धनविषयक मराठी लेखनाचा मध्यवर्ती प्रश्न होय.

४.३ कहाणीतील लक्ष्मी

श्रावणातील कहाण्या आपण व्रतकथा म्हणून वाचतो. त्या धनाविषयीच्या लोकविचाराचाही उत्तम पुरावा आहेत. त्यांतील माणसे गरीब असतात आणि त्यांना संपत्ती हवी असते. ही इच्छा कहाणीला कधीच लाजिरवाणी वाटत नाही. व्रत करावे, घर भरावे, मुलेबाळे सुखी व्हावीत, असे तिथे उघडपणे मागितले जाते. व्रत देणारा घेणाऱ्याकडून जी अट घालून घेतो, ती ‘न उतण्याची’ आणि ‘न मातण्याची’ असते. ‘उतणे’ हे क्रियापद चुलीवरच्या दुधाचे आहे. दूध तापले पाहिजे, वर आले पाहिजे, मात्र भांड्याबाहेर जाता कामा नये. धनाविषयी याहून नेमकी प्रतिमा शोधून सापडणे कठीण आहे.

शुक्रवारच्या कहाणीत भाऊ श्रीमंत आणि बहीण दरिद्री आहे. भाऊ सहस्रभोजन घालतो, पण बहिणीला बोलावणे धाडत नाही. मुलांना घेऊन ती आपण होऊन जाते, तेव्हा तो तिला पंगतीतून उठवतो. पुढे व्रताच्या प्रभावाने तिचे दैन्य फिटते, आणि तोच भाऊ तिला आग्रहाने जेवायला बोलावतो. पाटावर बसल्यावर ती अंगावरचे दागिने काढून मांडते आणि ताटातील एकेक पदार्थ त्यांच्यावर ठेवू लागते. भावाने कारण विचारल्यावर ती सांगते की, ज्यांना जेवायला बोलावले आहे त्यांनाच ती वाढते आहे. या प्रसंगात बहिणीने संपत्ती नाकारलेली नाही. ती दागिने घालूनच आलेली आहे. आक्षेप आहे तो माणसाची किंमत त्याच्या दागिन्यांवरून करणाऱ्या भावावर. ही कहाणी पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांनी स्त्रियांना सांगितली. माहेरच्या मालमत्तेत जिला वाटा नव्हता, तिच्या तोंडची ही टीका आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे तिची धार कळते.

४.४ तुकोबांचे दुकान

संतसाहित्याने धनाचा तिरस्कार शिकवला, या समजुतीला तुकाराम महाराजांचे उदाहरण नेहमी जोडले जाते. असेल त्या स्थितीत समाधान मानावे असे सांगणारा त्यांचा एक चरण तर घरोघरी ऐकवला जातो. तो बहुधा धाकट्यांना थोरल्यांकडून, सुनेला सासूकडून, आणि पगारवाढ मागणाऱ्याला मालकाकडून ऐकवला जातो. उलट दिशेने तो क्वचितच जातो. एखाद्या वचनाचा समाजात कसा वापर होतो, हा त्या वचनाच्या अर्थाहून निराळा विषय आहे. अभ्यासकाने हे दोन्ही वेगळे ठेवले पाहिजेत.

तुकोबा देहूच्या एका प्रतिष्ठित घरात जन्मले. घराकडे महाजनकी होती आणि वाण्याचा व्यवसाय होता. सन १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात त्यांचे दुकान बुडाले, इभ्रत गेली आणि पहिली पत्नी अन्नावाचून मरण पावली. हे त्यांनी स्वतःच्या अभंगांतून सांगितले आहे. म्हणजे धनाविषयी बोलणारा हा कवी ते हाताळलेला आणि गमावलेला माणूस आहे. त्यामुळेच त्याच्या एका प्रसिद्ध अभंगात गृहस्थाला केलेला उपदेश ‘धन जोडू नको’ असा नाही. चांगल्या व्यवहाराने धन जोडावे आणि अलिप्त बुद्धीने ते खर्च करावे, असा तो आहे. या ठिकाणी ‘उदास’ हा शब्द आजच्या ‘खिन्न’ या अर्थाने घेतल्यास अभंगाचा सगळा रोखच बदलतो. संतांच्या भाषेत ‘उदास’ म्हणजे अनासक्त. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत ही चूक वारंवार आढळते, म्हणून येथे मुद्दाम उल्लेख केला आहे.

रामदासांच्या दासबोधाचाही येथे ओझरता निर्देश करायला हवा. त्याच्या एकोणिसाव्या दशकात करंट्याची लक्षणे आणि सदेव म्हणजे भाग्यवान माणसाची लक्षणे सांगणारे समास लागोपाठ येतात. त्यांत करंटेपण आळसाशी आणि सदेवपण प्रयत्नाशी जोडलेले आहे. प्रपंच नेटका करण्याचा हा आग्रह लक्षात घेतला, तर ‘संतांनी उद्योग मारला’ हे विधान किती घाईचे आहे ते उमगते.

४.५ बुडवलेली खते आणि जाळलेली खते

तुकोबांच्या चरित्रातील एक प्रसंग परंपरेने जपला आहे. वडिलोपार्जित सावकारीची खते, म्हणजे कर्जदारांकडून लिहून घेतलेले रोखे, घरात होते. धाकटा भाऊ कान्होबा याच्या वाट्याची निम्मी खते त्याच्या स्वाधीन करून आपल्या वाट्याची खते तुकोबांनी इंद्रायणीत बुडवली. संपूर्ण परंपरेत या प्रसंगाकडे वैराग्याची खूण म्हणून पाहिले जाते. त्यातील व्यवहाराची बाजू मात्र फारशी पाहिली जात नाही. भावाचा वाटा त्यांनी बुडवला नाही. त्यागाचा अधिकार आपल्या मालकीपुरताच असतो, याचे भान त्या वैराग्यात शाबूत आहे. शिवाय त्या पाण्यात कागदांबरोबर दुष्काळाने पिचलेल्या कुळांची देणीही बुडाली. जे तुकोबांच्या दृष्टीने वैराग्य होते, ते त्या कुळांच्या दृष्टीने कर्जमुक्ती होती.

यानंतर सुमारे सव्वादोनशे-अडीचशे वर्षांनी त्याच पुणे जिल्ह्यात पुन्हा खते नष्ट झाली. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांकडील खतपत्रे व हिशेबाच्या वह्या हिसकावून जाळल्या. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ या नावाने ते ओळखले जातात. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इकडील कापसाला अभूतपूर्व भाव आला होता. त्या तेजीत सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपताच भाव कोसळले. त्यातच सरकारने सारा वाढवला आणि सावकारांनी हात आखडता घेतला. न्यायालयात खत हाच पुरावा होता, आणि बहुसंख्य शेतकऱ्यांना त्यात काय लिहिले आहे हे वाचता येत नव्हते. त्यामुळे त्यांचा रोष माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता. सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला.

या दोन घटना शेजारी ठेवून पाहा. एका घटनेत धनको स्वतः खते बुडवतो आणि संत ठरतो. दुसऱ्या घटनेत ऋणको खते जाळतो आणि दंगेखोर ठरतो. कागद तेच आहेत आणि परिणामही थोड्याबहुत फरकाने तोच आहे. मात्र लोभ सोडण्याचा मान ज्याच्याकडे धन आहे त्यालाच मिळू शकतो. ज्याच्याकडे नाही, त्याने अन्यायाविरुद्ध हात उचलला की त्याच्या कृतीला निराळे नाव दिले जाते. दुसऱ्या घटनेत बळजोरी होती, हे नाकारण्याचे कारण नाही. तरीही ही विषमता नजरेआड करता येत नाही.

ही विषमता ज्यांनी लेखनाच्या केंद्रस्थानी आणली ते महात्मा जोतीराव फुले. त्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ १८८३ मध्ये लिहून पूर्ण झाला. धनविचाराच्या दृष्टीने या ग्रंथाचे प्रारंभीचे वचन पुन्हा एकदा वाचावे. विद्येच्या अभावापासून निघालेली अनर्थांची साखळी त्यात मती, नीती आणि गती यांवरून वित्तापर्यंत येते, आणि वित्त गेल्यामुळे शूद्र खचले असा निष्कर्ष निघतो. येथे वित्त हा मोह नाही. ते गेल्यामुळे माणूस खचतो, असा तो आधार आहे. निर्धनतेला सद्गुण मानण्याची चैन जोतीरावांना मान्य नव्हती. ते स्वतः कंत्राटदार होते, आणि बांधकामाच्या व्यवसायात त्यांनी पैसा मिळवला व सार्वजनिक कार्यात घातला. जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या विधींतून शेतकऱ्याकडून द्रव्य कसे काढले जाते, याचा त्यांनी ‘असूड’च्या पहिल्या प्रकरणात अक्षरशः हिशेब मांडला आहे. पुढे सरकारी अंमलदार आणि कचेऱ्या यांची पाळी येते. हिशेबनिसाची नजर आणि पोवाडेकाराचा आवेश एकाच गद्यात येणे, हे या ग्रंथाचे वाङ्मयीन वैशिष्ट्य होय. १८५५ मधील ‘तृतीय रत्न’ या नाटकातही गरोदर स्त्री आणि तिचा नवरा यांना ग्रहांची भीती घालून लुबाडणारा जोशी आहे. तेथे लोभ धर्माच्या वेशात येतो, म्हणून तो ओळखायला कठीण जातो.

आपण थोडे थांबून एक गोष्ट करून पाहावी. आपल्या गावातील किंवा घरातील एखाद्या जुन्या कर्जव्यवहाराची माहिती वडीलधाऱ्यांकडून घ्या. ती सांगताना त्यांनी ‘लोभी’, ‘हावरट’, ‘उधळ्या’, ‘ऐपत’ यांसारखे कोणते शब्द कोणासाठी वापरले, याची नोंद करा. घटकाच्या शेवटी दिलेल्या स्वाध्यायासाठी ती उपयोगी पडेल.

४.६ ‘लक्ष्मीज्ञान’ आणि लोखंडी नांगर

इंग्रजी राजवटीत संपत्तीकडे पाहण्याची एक नवी दृष्टी मराठीत आली. या दृष्टीने संपत्ती हा एका माणसाच्या नशिबाचा विषय राहिला नाही, तर ती साऱ्या देशाच्या उत्पादनाची बाब झाली. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांचे ‘लक्ष्मीज्ञान’ हे पुस्तक १८४९ मध्ये, म्हणजे ‘प्रभाकर’मध्ये त्यांची शतपत्रे येत असतानाच्याच काळात प्रसिद्ध झाले. अर्थशास्त्राला अजून स्थिर मराठी नाव नसताना लेखकाने देवीचे नाव उचलून त्याला ‘ज्ञान’ जोडले, यातच संक्रमण दिसते. लक्ष्मी प्रसन्न व्हायची असते, या कल्पनेच्या जागी तिचे नियम शिकायचे असतात, ही कल्पना आली. शतपत्रांतून लोकहितवादी आळस, भोजनावळी, कर्ज काढून केलेली लग्ने आणि व्यापाराविषयीची अनास्था यांवर कोरडे ओढतात. विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे लोकहितवादींशी पटले नाही हे सर्वश्रुत आहे. तरीही ‘निबंधमाले’त ‘संपत्तीचा उपभोग’ हा स्वतंत्र निबंध लिहावा असे त्यांना वाटले, आणि छापखाना, चित्रशाळा, किताबखाना असे उद्योगही त्यांनी उभारले. या एका मुद्द्यावर दोन विरोधक एकमेकांच्या बरेच जवळ येतात.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरू केलेला उद्योग १९१० मध्ये औंध संस्थानातील माळावर किर्लोस्करवाडीत आला. त्यांचा लोखंडी नांगर सुरुवातीला शेतकरी घेईनात, कारण लोखंडाने जमीन विषारी होते असा समज होता. साहित्याच्या विद्यार्थ्याला याहून महत्त्वाची घटना १९२० ची आहे. त्या वर्षी कारखान्याचे पत्रक म्हणून ‘किर्लोस्कर खबर’ निघाले आणि शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली त्याचे एका प्रभावी मासिकात रूपांतर झाले. उद्योग करून पैसा मिळवणे ही अभिमानाची गोष्ट आहे, हा विचार मध्यमवर्गीय मराठी घरात नेण्याचे काम या मासिकाने केले. नफ्याला प्रतिष्ठा मिळाली, ती सुधारणेच्या सोबतीने. हा जोड त्या काळाचा विशेष आहे. उद्योगपतीने जातिभेद आणि अंधश्रद्धा यांविरुद्धही बोलावे, अशी अपेक्षा तेव्हा स्वाभाविक वाटत होती.

४.७ रंगभूमीवरील लोभ

नाटकाला लोभी माणूस फार मानवतो. आचार्य अत्रे यांनी मोलियेरच्या ‘लाव्हार’वरून ‘कवडीचुंबक’ रचले आणि मराठी प्रेक्षकाला कंजूष माणसावर मनसोक्त हसू दिले. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत शारदा’ (१८९९) मधील लोभ मात्र हसवता हसवता घशात अडकतो. वृद्ध आणि श्रीमंत भुजंगनाथाला कोवळ्या शारदेशी लग्न करायचे आहे, भद्रेश्वर दीक्षित मध्यस्थी करतो आणि शारदेचा पिता कांचनभट द्रव्याच्या मोबदल्यात मुलगी द्यायला तयार होतो. नावेच पाहा. पुरलेल्या धनावर भुजंग राखण करीत बसतो ही लोकसमजूत आणि ‘कांचन’ म्हणजे सोने, हे दोन्ही संकेत प्रेक्षकाला पडदा उघडताच कळत. पैसा भुजंगनाथाकडे आहे, पण नाटकातील खरा लोभी निर्धन कांचनभट आहे. लोभ ही श्रीमंतांची मिरास नाही, हे देवलांनी जाणले होते. घरात विकण्याजोगे काहीच उरले नसताना माणूस काय विकायला काढतो, हा प्रश्न त्यांनी संगीत नाटकाच्या गोड वेष्टनात प्रेक्षकांसमोर ठेवला. (१९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला ‘सारडा कायदा’ म्हणतात, तो हरबिलास सारडा यांच्या नावावरून. त्याचा नाटकातील शारदेशी संबंध नाही. उच्चारसाम्यामुळे हा गोंधळ महाराष्ट्रात टिकून आहे.)

पुढे विजय तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’त हाच लोभ रक्ताच्या नात्यांचे लचके तोडतो, तर महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त तो आवाज न करता वावरतो. धरणगावकर देशपांड्यांच्या वाड्यात घराण्याची पत राखण्यासाठी पैसा हवा आहे, आणि तो मिळवण्याचे मार्ग पत आड येते म्हणून बंद आहेत. अंगणातला नादुरुस्त ट्रॅक्टर आणि कपाटातले सोने या दोन वस्तूंतच ती कोंडी सामावली आहे. या दोन नाटकांचा तपशीलवार अभ्यास आपल्याला नाट्यविषयक घटकात करायचा आहे.

४.८ ‘स्मशानातील सोनं’

अण्णा भाऊ साठे यांची ही कथा या घटकाची मुख्य अभ्यासकृती आहे. तिच्यापाशी अधिक वेळ थांबणे आवश्यक आहे.

कथेचा नायक भीमा गावाकडून मुंबईत पोट भरायला आलेला आहे. अंगात प्रचंड ताकद असलेला हा गडी उपनगरातील दगडाच्या खाणीत काम करतो. एके दिवशी खाण बंद पडते. पदरी बायको-मुलगी असलेल्या भीमाला कामाअभावी दिवस कठीण जातात. अशातच स्मशानातील राखेत त्याला सोने सापडते, आणि त्याच्या मनात एक वाट उघडते. मेलेल्यांच्या अंगावरचे सोने जिवंतांना जगवू शकते. तो राख चाळू लागतो, मग पुरलेली प्रेतेही उकरू लागतो. एका रात्री कोल्ह्यांच्या टोळीशी झुंज देऊन तो प्रेतापर्यंत पोहोचतो. जबड्यातील सोने काढताना त्याची बोटे मृताच्या दातांत अडकतात. पुढे ती कापावी लागतात. आणि त्यानंतर त्याला कळते की खाण पुन्हा सुरू झाली आहे.

या कथेवर ‘लोभाचा परिणाम वाईट’ असे एका ओळीत उत्तर लिहून मोकळे होणे सोपे आहे, आणि बरेच विद्यार्थी तसेच लिहितात. परंतु कथेचा क्रम काय सांगतो ते पाहा. भीमाजवळ काम असताना तो स्मशानाकडे फिरकतही नाही. त्याला स्मशानात नेणारी घटना म्हणजे खाण बंद होणे, आणि ती त्याच्या हातातली नाही. खाण चालू होण्याचा निर्णयही त्याच्या हातातला नाही. या दोन निर्णयांच्या मधल्या अवधीत त्याने जे केले, त्याची किंमत त्याने स्वतःच्या बोटांनी मोजली. ज्या हातांच्या बळावर तो दगड फोडत होता, तेच हात निकामी झाल्यावर दगड फोडण्याचे काम परत आले. अण्णा भाऊंनी या योगायोगावर भाष्य केलेले नाही. तशी गरजही नव्हती.

तरीही भीमाला केवळ परिस्थितीचा बळी म्हणून बाजूला करणे मला पुरेसे वाटत नाही. सोने मिळू लागल्यावर त्याच्यात बदल होतो. त्याला आपल्या धंद्याचा एक प्रकारचा अभिमान वाटू लागतो आणि खाणीतल्या मजुरीपेक्षा हे बरे, असेही वाटू लागते. गरज कोणत्या रात्री संपली आणि हाव कोणत्या रात्री सुरू झाली, हे कथेत बोट ठेवून दाखवता येत नाही. हेच तिचे सामर्थ्य आहे. गरिबाला निष्पाप ठरवून त्याच्यावर दया करणे हीदेखील त्याला कमी लेखण्याची एक रीत असते. अण्णा भाऊंचा भीमा इच्छा असलेला, धाडस असलेला आणि चुकू शकणारा पुरता माणूस आहे. हीच धडाडी भांडवल असलेल्या माणसाने दाखवली असती, तर तिला कोणता शब्द मिळाला असता, याचा विचार वाचकाने ४.२ मधील शब्दांच्या आधारे करावा.

कथेच्या भाषेकडेही लक्ष द्यावे. वाक्ये तुटक आणि वेगवान आहेत. झुंजीचे वर्णन लोकनाट्य आणि पोवाड्याच्या संस्कारातून आलेले आहे. भीमाच्या बळाचे वर्णन करताना लेखक हात आखडत नाही. या भव्यतेमुळे शेवटी मुलासारखा रडणारा भीमा अधिकच असह्य होतो. अंधार, राख, प्रेत आणि सोने यांच्या दृश्यांतून भयकथेची छाया पडते खरी, पण भय प्रेतांचे नसून बंद पडलेल्या खाणीचे आहे.

स्वाध्याय

‘संगीत शारदा’मधील कांचनभट आणि ‘स्मशानातील सोनं’मधील भीमा हे दोघेही निर्धन आहेत आणि दोघेही रूढ मर्यादा ओलांडून द्रव्य मिळवू पाहतात. त्यांच्यात आपण फरक करतो तो कोणत्या आधारावर, याचे विवेचन सुमारे चारशे शब्दांत करा. उत्तरात, वडीलधाऱ्यांकडून मिळवलेल्या कर्जव्यवहाराच्या नोंदीतील किमान दोन शब्दांचा उपयोग करावा. संबंधित व्यक्तींची खरी नावे मात्र लिहू नयेत.